तुर्कस्तानसाठी शिवलेल्या गोधड्या

वरंधा घाट चालू आहे की बंद, हे स्वारगेटला कोणालाच नक्की सांगता येईना. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "भोरपर्यंत तर जाईल. पुढचं पुढं." एवढ्या भरवशावर मी महाडच्या एसटीत चढले. शेजारची जागा रिकामी होती. तिथं पिशवी ठेवली आणि थांबा आला की कोणी बसायला येईल म्हणून ती उचलून मांडीवर घेत राहिले. भोर गेलं तरी कोणी आलं नाही.

मी निघाले होते एका वाडीला 'नाही' सांगायला.

आमची पुण्यातली संस्था छोटी आहे. मी बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी माझे यजमान गेले, तेव्हापासून मी तिथं जाते. फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला आणि फोनवर बसायचं काम माझ्याकडे आलं. लोक मनापासून विचारत होते: स्वेटर आहेत, ब्लँकेटं आहेत, मुलांची खेळणी आहेत, कुठं आणून देऊ? मी प्रत्येकाला सांगायची की वस्तू नकोत, पैसे द्या, तिथंच विकत घेता येईल. हे मी काही पुस्तकात वाचून सांगत नव्हते. तिथल्या एका गावातली एमिने नावाची शिक्षिका तंबूंच्या वस्तीत स्वयंपाकघर चालवत होती, आमची मदत तिच्याकडे जायची. तिनं एक व्हिडिओ पाठवला होता. रस्त्याकडेला पावसात भिजलेला कपड्यांचा डोंगर, त्यात उंच टाचांचे बूट, पोहण्याचे कपडे, एक लग्नाचा झगा. थंडीनं काकडलेली माणसं त्यातले कपडे ओढून शेकोटीत घालत होती. असल्या सामानानं विमानतळ अडला की औषधं मागं राहतात, हेही तिनंच सांगितलं. तेव्हापासून 'नको' हा शब्द मी गोड करून म्हणायला शिकले होते.

आणि मग पोलादपूर तालुक्यातून निरोप आला: 'तुर्कस्तानसाठी गोधड्या तयार आहेत. गाडी कधी पाठवता?'

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात ह्या वाडीवर दरड कोसळली होती. तेव्हा आमच्या संस्थेनं तिथं ताडपत्र्या दिल्या होत्या, त्यामुळे आमचा नंबर त्यांच्याकडे होता. वाडीचं नाव मी लिहीत नाही. 'नाव नका छापू, लोक अजून बघायला येतात,' असं त्यांनीच सांगितलं. ऑफिसात सगळे म्हणाले, फोन करून सांगून टाका. मी फोन उचलला आणि ठेवला. ज्यांच्या अंगावर डोंगर आला त्यांना हे फोनवर सांगायचं माझ्यानं होईना. घरी 'कशाला जातेस?' म्हणणारं कोणी नव्हतं. निघाले.

भोर सोडल्यावर रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठाला मातीच्या पायऱ्या पडल्यासारख्या रेघा दिसत होत्या. काटेसावर फुलली होती. अंगावर एक पान नाही आणि फुलं मात्र लालभडक. घाटमाथ्यावर गाडी आली तशी समोरची जमीनच संपली. खाली कोकण, आणि त्यावर दुपारची धुरकट हवा. घाट चालू होता. जागोजागी संरक्षक भिंतींचं काम चाललं होतं आणि ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न दाबून धरत होता. वरंध गाव आलं तसा उकाडा एकदम अंगाला चिकटला. पुण्याची हवा घाटावरच राहिली.

महाडला उतरले तेव्हा पोलादपूरची गाडी नुकतीच गेली होती. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेतला. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक काउंटर. मालक साठीचे, शर्टाची वरची बटणं उघडी, पंख्याखाली बसलेले. भिंतीला निळा रंग होता, पण माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत तो फुगून सुटला होता.

मी वर बघतेय हे त्यांनी पाहिलं. "पाणी तिथवर होतं. सावित्री आत आली की विचारून येत नाही."

"तेव्हा मदत आली असेल ना पुष्कळ?"

"आली की. बिस्किटं इतकी आली की गुरं खाईनात." ते हसले. "एक टोळी आली होती पोरांची, घाटावरनं कुठूनशी. पंप आणलेला, फावडी आणली, स्वतःच्या भाकऱ्या बांधून आणल्या. मला विचारलं, काका, कुठून सुरू करू? दुकानातला गुडघाभर चिखल काढला, फरशी धुतली आणि गेली. नाव विचारायचं राहिलं." त्यांनी काउंटर पुसला. तो स्वच्छच होता. "अजून कोणी अनोळखी पोरगा चहाला आला, की वाटतं त्यातलाच असेल."

पोलादपूरला पोचेपर्यंत उन्हं कलली. तिथून मिनीडोर (सहा आसनी रिक्षा) आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागली आणि मला एका फाट्यावर सोडून वळून गेली. सोडलं ते चुकीच्या फाट्यावर, हे पाखाडी (दगडी पायवाट) अर्धी चढल्यावर कळलं. तिथंच चपलेचा अंगठा तुटला. एका हातात चपला, एका हातात पिशवी, अशी मी उतरले आणि पुन्हा रस्त्यानं चालू लागले. आजूबाजूला माणूस नव्हतं. शिमगा नुकताच उरकला होता, मुंबईहून आलेली मंडळी परत गेली होती. घरं होती, दारांना कुलुपं होती. एका अंगणात होळीची राख तशीच होती आणि तिच्यात एक कोंबडी पाय ओढत होती.

दरडीनंतर बांधलेली नवी वसाहत लांबूनच ओळखू येते. डोंगराकडची घरं कधी एका ओळीत नसतात, ही होती. सगळी सारखी, सगळ्यांचा रंग सारखा, फरक एवढाच की कुणी दारात तुळस लावलेली, कुणी मिरच्या. वनिता नावाच्या अंगणवाडी मदतनीस बाईंनी आम्हाला निरोप पाठवला होता. त्या वाटेवरच उभ्या होत्या.

"आलात! गाडी मागनं येते काय?"

"गाडी... नाही. मी आधी बघायला आले."

"बघा ना, बघा. चपलेला काय झालं ओ?"

त्यांनी स्वतःच्या चपला काढून मला दिल्या आणि त्या अनवाणी चालू लागल्या. मी 'नको' म्हटलं, पण इतके दिवस फोनवर उपयोगी पडलेलं ते गोड 'नको' इथं कोणी ऐकलंच नाही.

समाजमंदिरात गोधड्या रचून ठेवल्या होत्या. बायका जमल्या. एकेक गोधडी उलगडायची, मी हात फिरवायचा, मग पुढची. बारीक, सरळ धावदोरा. कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी. कापड जुनं नव्हतं. नवी, एकदोनदा नेसलेली लुगडी होती, लग्नाकार्यातली.

"गोधडी जुन्या कापडाची करतात ना?" मी विचारलं.

"आपल्यासाठी करतात," त्यांच्यातली सर्वांत थोरली बाई म्हणाली. "आमाला जुनं आलं व्हतं. ते कसं लागतं ते ठावं हाय. म्हनून नवं घातलं."

ह्या अनुसयाबाई, वाडी त्यांना काकी म्हणते. बारीक अंगाच्या, नाकात चमकी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी आपली गोधडी सगळ्यात शेवटी उलगडली. आबोली, हिरवा, मोरपंखी.

"ही माझ्या सुनेची लुगडी. सुरेखाची. ट्रंक मुंबईला थोरल्याच्या खोलीवर व्हती, म्हनून ऱ्हायली. मला नेसवंना, कोनाला देववंना. म्हटलं, तिकडं एकादी सुरेखाएवढी आसंल. तिला थंडी वाजत आसंल."

मी घडी घालायला मदत केली. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

रात्रीचं जेवण अनुसयाबाईंकडे झालं. नाचणीची भाकरी (इकडे नागली म्हणतात), कुळथाची पिठी, सुकट कांद्यावर परतलेली. मी आग्रह होईल तेवढं खाल्लं आणि 'प्रवासानं दमले' म्हणून लवकर आडवी झाले. त्या चुलीपुढे आवरत होत्या. भांड्यांचा आवाज ओळखीचा वाटला. आपल्याखेरीज दुसरं कोणी घरात वावरत असल्याचा आवाज ऐकून किती दिवस झाले, ते आठवत पडले.

सकाळी त्या म्हणाल्या, "चल, जुनी वाडी दावते."

वाट पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेनं वर जाते. पऱ्या कोरडा होता, मोठमोठे गोटे पडलेले. वर गेल्यावर डोंगराला एक लांब घसरण दिसली, आता सुक्या गवतानं पिवळी झालेली. ठाऊक नसेल तर साधा उतार वाटावा. एका बाजूला काही जोती उरली होती आणि एक फणस, तिरका झालेला, पण कुयऱ्या (कोवळे फणस) लागलेला.

"मी कुडपनला व्हते, बहिनीकडं. तिचा पाय मोडला व्हता. म्हनून मी हाय," अनुसयाबाई म्हणाल्या. नवरा, धाकटा मुलगा आणि सून, तिघं इथं होते. त्यांनी हातानं जागा दाखवली. "शिमग्यात पालखी पैली हितं येते. दारं नायत, तरी थांबते. खालू (गावचा ढोल-सनईचा ताफा) वाजतो. मंग खाली जाते."

आम्ही फणसाखाली बसलो. त्या आपणहून बोलत होत्या.

"शाळेत ठेवलेलं आमाला. रोज गाड्या यायच्या. रोज नवी मान्सं, रोज पुलाव. वाईट नाय म्हनत, खाल्लं आमी. पन बसून ऱ्हायचं आन वाडलेलं खायचं, हाताला काम नाय. डोकं फिरायची पाळी. मंग बाजूच्या वाडीतली गंगू आली. म्हनली, काकी, माझ्याकडं पावनी आल्यात, भाकऱ्या उरकत नायत, चल जरा. गेले. टोपलीभर थापल्या. पावनी कोन? कोन नव्हती. लबाड बोलली ती." त्या थोडं हसल्या. "त्या भाकऱ्या थापताना मला पैल्यांदा रडायला आलं बघ."

आता सांगितलं नाही तर मी कधीच सांगणार नाही, असं वाटलं. मी म्हणाले, "काकी, गोधड्या तिकडं जाणार नाहीत."

मी कपड्यांच्या डोंगराचं सांगितलं, विमानतळाचं सांगितलं, नेण्याचा खर्च गोधडीहून जास्त होतो हे सांगितलं. सगळं खरं होतं आणि त्या फणसाखाली सगळं उद्धट वाटत होतं.

"काल जेवलीस, तवा का नाय बोललीस?"

"धीर झाला नाही."

त्या उठल्या आणि खाली चालू लागल्या. मी मागून. वाटेत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. खाली वनिताताईंना कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "फोनवर सांगायचा होता ना मॅडम. बाया काम टाकून बसत होत्या. आता काय सांगू त्यांना?" बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, पण जवळ कोणी येईना. वनिताताईंच्या चपला अजून माझ्या पायात होत्या. वसाहतीच्या मधोमध मी उभी होते आणि परत जायची पहिली गाडी कोणती, ह्याचाच विचार करत होते.

मग अनुसयाबाईंनी विचारलं, "तिथल्या कोनाला इचारलंस, का तूच म्हनतेस?"

"तिथल्या बाईंनीच सांगितलंय."

"लाव तिला फोन."

रेंज पाण्याच्या टाकीजवळ मिळते. आम्ही सगळ्या तिथं चढलो. एमिनेकडे सकाळ होती. व्हिडिओत तिचा चेहरा आला, डोक्याला रुमाल, मागं मोठं पातेलं. तिला इंग्रजी मोडकं येतं, मला बरं येतं. मी मध्ये उभी राहिले. आधी ह्या कोण आणि कुठल्या, ते सांगितलं. दरडीचं सांगितलं. एमिनेनं हातातलं उलथणं खाली ठेवलं.

बायकांनी गोधड्या उन्हात धरल्या. ती एकेक बघत राहिली. मग म्हणाली, "फार सुंदर आहेत. पाठवू नका. आमच्या शेजारच्या गावात रजया शिवणारे आहेत. त्यांचीही घरं पडली. हात आहेत, कापूस आहे, गिऱ्हाईक नाही. फुकट रजया बाहेरून आल्या की त्यांच्याकडून कोण घेणार?"

मी मराठीत सांगितलं. बायकांत कुजबुज झाली. अनुसयाबाईंनी मान हलवली. त्यांना पटलेलं दिसलं. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्या माझ्या खांद्यावरून पुढं झुकल्या.

"इचार तिला, तुजं कोन गेलं?"

इतके आठवडे मी एमिनेशी जवळजवळ रोज बोलत होते. पीठ किती, गॅस पोचला का, तंबू किती. हे मी कधी विचारलं नव्हतं. आपण मदत करणारे, असं विचारणं बरं दिसत नाही, अशी माझी समजूत होती. मी विचारलं.

एमिनेनं पातेल्याखालची आच कमी केली. "आई. आणि भाऊ. भाऊ अजून सापडला नाही."

मी सांगितलं. अनुसयाबाईंनी आपली तीन माणसं नावानिशी सांगितली, आणि मी ती नावं सावकाश तिकडं म्हटली. एमिनेनं ती आपल्या उच्चारात परत म्हणून पाहिली. 'सुरेखा' तिला नीट जमलं.

मग तिनं विचारलं, "झोप कधी लागायला लागते?"

अनुसयाबाई म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? पावसात मला आजून लागत नाय. पन पावसाळाभर वनिता माझ्याकडं निजते. तिच्याकडं कोन येतं?"

कोणी नाही, असं उत्तर आलं. ती तंबूत एकटीच असते.

"मंग बोलव म्हनावं कोनाला तरी. लाजायचं नाय गो. आपून बोलवल्याबिगर कोन येत नाय."

हे मी इंग्रजीत सांगताना अडखळले. एमिनेनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, वनिताताईंनीही. मध्ये उभी मी. दोघींचे शब्द माझ्या तोंडून जात होते आणि त्यांतला एकही माझा नव्हता.

टाकीवरून उतरताना वनिताताई म्हणाल्या, "मंग ह्या गोधड्यांचं काय?" राग गेला होता, प्रश्न राहिला होता. तिथल्या तिथं, पायरीवर बसूनच ठरलं. वरच्या वाडीतल्या माणसांना पावसाळ्यात दरडीच्या भीतीनं शाळेत आणून ठेवतात, ती फरशीवर निजतात. काही गोधड्या तिकडं. उरलेल्या मी पुण्यात विकायच्या आणि पैसे एमिनेला, तिनं तिथल्या रजया घ्यायच्या. "आमच्याकडनं रिकाम्या हातानं नाय," एक बाई म्हणाली, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. सुरेखाच्या लुगड्यांची गोधडी अनुसयाबाईंनी बाजूला काढली. "ही इकायची नाय, द्यायची नाय. मी घेईन अंगावर."

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरमार्गे परतले. बरोबर दोन मोठी गाठोडी. कंडक्टरनं विचारलं, "गादीवाल्या का तुम्ही?" मी हो म्हणाले, समजावून सांगण्याएवढं बळ नव्हतं. घाटात एका बाजूला उघडा कातळ आणि एका बाजूला दरी, आणि प्रत्येक वळणावर खाली कुठली तरी वाडी दिसे. कोणत्या वाडीत कोण कोणाकडे निजायला जातं, हे वरून कळत नाही.

गोधड्या विकल्या गेल्या. एमिनेनं शेजारच्या गावातून रजया घेतल्या, शिवणाऱ्यांबरोबर उभी राहून फोटो पाठवला. मी तो वनिताताईंना पाठवला. त्यांनी तो अंगणवाडीत लावलाय म्हणे.

पुढं काही रविवारी सकाळी अनुसयाबाई टाकीवर चढायच्या, मी पुण्याहून जोडून द्यायची, आणि तिघींचं बोलणं व्हायचं. ते रविवार मला आवडत. मग एका रविवारी मी तापानं पडले होते, फोन घेता आला नाही. बऱ्याच दिवसांनी वनिताताईंना विचारलं, काकी बोलल्या का पुन्हा?

"दर रविवारी बोलतात. मी नंबर लावून दिला सरळ."

"पण भाषा?"

"आपापली बोलतात. एक बोलते, दुसरी ऐकते. मदीच हसतात. परवा काकीनं टाकीजवळच तीन दगडांची चूल मांडली, फोन टेकवून ठेवला न् भाकऱ्या थापल्या, ती बाई बघत बसली. तिच्या मागं आणखी एक म्हातारी दिसली. तिच्या तंबूत ऱ्हायला आली म्हणे."

"म्हणे? कोणी सांगितलं?"

"हातानं निजायची खूण केली ना तिनं."

मी म्हटलं, "मला काही विचारायचं असलं तर सांगा. मधे काही अडलं तर."

"नाय ओ ताई," वनिताताई मायेनं म्हणाल्या. "जमतंय त्यांचं."

मदत पोचली, हे ह्याहून स्पष्ट कसं कळणार? फोनवर अजूनही लोक विचारतात, काय पाठवू? मी सांगते, आधी तिथल्या माणसाला विचारू, आणि त्याला काय हवं ते विचारायच्या आधी त्याचं कोण गेलं ते विचारू. हे बोलताना मी आता अडखळत नाही. रविवारी सकाळी मात्र मी कुठं बाहेर जायचं ठरवत नाही. फोन चार्ज करून ठेवते, आणि चहा घेऊन त्याच्याशेजारी बसते.